नोटीस बोर्डावरचा नऊ नंबर

भैयाजींच्या ऑफिसात मी अठरा वर्षं टायपिंग करतोय. इथे किस्से जमवावे लागत नाहीत, फाइलींवरच्या धुळीसारखे आपोआप साचतात. भैयाजी म्हणजे आमचे आमदार. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, ब्राह्मणपारा मोहल्ल्यातलं जुनं मराठी घर, आणि संस्कृतीची सगळी काळजी यांच्या एकट्याच्या डोक्यावर.

विधानसभेच्या परिचय-पुस्तिकेचा फॉर्म आला. 'छंद' समोर काय लिहू, मी विचारलं.

"संस्कृतिरक्षण."

"ते 'व्यवसाया'त लिहिलंय."

"मग दोन्हीकडे राहू दे."

*

बुधवारी एका कॉलेजात ते मुलींच्या जीन्सवर तासभर बोलले. शनिवारी भनपुरीत जीन्सच्याच गोदामाची फीत कापली. पत्रकाराने छेडलं, तर शांतपणे म्हणाले, "हा माल बाहेरगावी जातो."

*

आईवडिलांच्या सहीशिवाय प्रेमविवाह नको, असं विधेयक त्यांनी टाइप करायला दिलं. वहिनींनी, म्हणजे भैयाजींच्या बायकोने, चहा ठेवता ठेवता मसुदा वाचला.

"आईची सही काहून? माह्या लग्नात माह्या आईले कोनी विचारलं होतं?"

दुरुस्ती लगेच झाली. आई वगळली!

*

कलेक्टर ऑफिसातल्या बोर्डावर कोर्ट मॅरेजच्या नोटिसा लागतात. दर सोमवारी मी त्या नंबरवार उतरवून आणायच्या, मग कार्यकर्ते त्या त्या घरी 'समजवायला' जायचे. हे काम मला कधीच आवडलं नाही, पण केलं मी.

एप्रिलमध्ये मी तापाने पडलो, तेव्हा भैयाजी स्वतः गेले. त्यांच्या यादीत आठनंतर थेट दहा.

"नऊ नंबर?"

"उन्हानं शाई उडाली."

बोर्ड अंधाऱ्या कॉरिडॉरमध्ये आहे, काचेच्या आत. त्याच आठवड्यात त्यांची मुलगी बंगळुरूहून आली होती आणि वहिनी गोल बाजारात शालू बघत होत्या.

*

डिसेंबरातल्या एका सोमवारी पंधरा नंबरवर माझ्याच मुलीचं नाव दिसलं. शेजारी मुलाचं, दुसऱ्या समाजातलं. तिथूनच तिला फोन लावला.

"पापा, बताती कैसे? लिस्ट तो आप ही ले जाते हो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कार्यकर्ते कोणाच्या दारात कसे उभे राहतात, ते मी ऐकून होतो.

दुपारी भैयाजींनी यादी वाचली. बोट मध्येच थांबलं.

"चौदानंतर सोळा?"

"उन्हानं शाई उडाली," मी म्हणालो.

चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग यादीवर सही केली आणि स्वेटरची बटणं लावत म्हणाले, "हव. ऊन लय पडून राहिलं यंदा."