जलपर्णीची चौकशी

पर्यावरणशास्त्राची पदविका करणार असं मी जाहीर केलं, तेव्हा घरात कुणीच विरोध केला नाही. केला असता तर कदाचित मी माघारही घेतली असती. झालं असं की, डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यावरून मी कमिटीशी भांडत होते आणि सेक्रेटरी अगदी मऊ आवाजात म्हणाले, "काकू, तुम्हाला यातलं शास्त्र माहीत आहे का?" माहीत नव्हतं. ओरडून विचारलं असतं तर मीही ओरडले असते. मऊ आवाजाला उत्तर नसतं. मी सरळ प्रवेश घेऊन टाकला. अभ्यास घरी बसून इंटरनेटवर, आणि परीक्षा व प्रकल्प ठाण्याला वर्तकनगरच्या केंद्रात.

प्रवेश मिळाला म्हणून मी पेढे वाटले. निकालाचे पेढे प्रवेशालाच वाटणारी बाई आमच्या घराण्यात दुसरी झालेली नाही. कळव्याला राहणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाईंनी पेढा खाल्ला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, 'आमची धाकटी आता शास्त्रज्ञ होणार.' खाली सव्वाशे टाळ्या. तिथेच माझ्या लक्षात आलं की आता नापास व्हायची सोय उरलेली नाही. नापास झाले असते तर यापुढच्या प्रत्येक हळदीकुंकवाला, बारशाला आणि तेराव्यालासुद्धा जाऊबाईंनी सगळ्यांसमोर अगदी प्रेमाने विचारलं असतं, "काय गं, तुझ्या त्या अभ्यासाचं काय झालं?"

लेखी पेपर पार पडले. प्रकल्प राहिला. माझी थोरली मुलगी कल्याणला राहते. तिच्या घरापासून थोडं चाललं की उल्हास नदी लागते. नदीवर जलपर्णी इतकी माजलेली असते की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते मैदान वाटलं होतं, आणि एवढं मोठं मैदान कल्याणात अजून बिल्डरला कसं दिसलं नाही याचं नवलही. मी तोच विषय घेतला. केंद्रातल्या मॅडम माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. त्यांची अट एकच. प्रत्येक विधानाखाली ते कुठून घेतलं ते लिहायचं, आणि तो आधार टिकला पाहिजे.

मला वाटलं, यात काय अवघड. मी फोनवर शोधलं आणि अर्ध्या तासात खजिनाच हाती लागला. एक वेबसाइट तर अशी देखणी, की वर हिरवं पान, खाली उमललेली जांभळी फुलं आणि मराठी एकदम रसाळ. तिच्यात लिहिलं होतं की जलपर्णी ही निसर्गाने नदीला दिलेली गाळणी आहे, ती पाण्यातलं विष शोषते, तिला हात लावू नका. मी पडताळा घ्यायचा म्हणून आणखी दोन वेबसाइट पाहिल्या. दोन्हीकडे तेच. तीन साक्षीदार मिळाल्यावर आणखी काय पाहिजे? मी जोरदार प्रकल्प लिहिला. शेवटच्या पानावर तर नदी साफ करायला निघालेल्या नगरपालिकांची चांगली खरडपट्टी काढली.

मॅडमनी तो वाचला आणि मला शेजारी बसवून लॅपटॉपवर तिन्ही वेबसाइट उघडल्या.

"काकू, हा फोटो बघा. कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आलाय."

आला होता. दुसऱ्या वेबसाइटवर तोच फोटो, तोच अंगठा. तिसरीवरही. मजकूरही शब्दन् शब्द तोच. मग त्यांनी पहिल्या वेबसाइटचं पान पार तळापर्यंत नेलं. तिथे लिहिलं होतं, जलपर्णीची शुद्ध पावडर, सर्व विकारांवर, घरपोच.

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. महिनाअखेरपर्यंत नव्याने लिहून आणा, नाहीतर प्रकल्प पुढच्या वर्षावर जाईल, एवढंच म्हणाल्या.

वर्तकनगरातून स्टेशनकडे येताना रिक्षात मला एकदम हसू फुटलं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. हसायचं कारण, ही फसगत माझ्या ओळखीची होती. वीस वर्षांची असताना मी हेच केलं होतं, फक्त तेव्हा जलपर्णीच्या जागी नवरामुलगा होता.

त्या वयातली मी म्हणजे एक भलतंच प्रकरण होतं. दोन वेण्या, कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस, आणि आपल्याला माणसं कळतात अशी पक्की खात्री. कल्याणच्या एका मुलाचा फोटो आला होता. मोटारसायकलला टेकून उभा, गॉगल, केसांचा कोंबडा. बाईसाहेबांनी फोटो पाहिला आणि होकार देऊन मोकळ्या झाल्या. वडील म्हणाले, चौकशी तर करू. त्यावर बाईसाहेबांनी भाषण ठोकलं की तीन माणसांनी चांगलं सांगितलंय, तिघेही म्हणाले 'मुलगा निर्व्यसनी, मितभाषी आणि मातृभक्त', आता चौकशी ती कसली करायची?

माझी आत्या चौकशीत पटाईत होती. तिचा नियम होता की मुलाकडच्यांनी ज्यांची नावं दिली त्यांना सोडून बाकी सगळ्यांना विचारायचं. ती तडक कल्याणला गेली, वाण्याकडे थांबली, नळावर थांबली, आणि संध्याकाळी परत येऊन पाय चेपत म्हणाली, "तिघेही मुलाचे मामा आहेत. सख्खे. आणि मोटारसायकल फोटोवाल्याची."

पुढे आमच्या ह्यांचं स्थळ आलं, तेव्हा आत्याने शेजारच्या बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, मुलगा प्रामाणिक आहे, पण हेकट आहे आणि जेवताना बोलत नाही. आत्याने तिथेच पसंती दिली. वडील चकित झाले, तर म्हणाली, "उणं सांगते ती बाई खरं सांगते." मी मात्र हेकट नवरा नको म्हणून दोन दिवस उपाशी राहिले, म्हणजे सगळ्यांसमोर. स्वयंपाकघरात लाडवांचा डबा होता.

तर रिक्षा स्टेशनला लागेपर्यंत माझं ठरलं. फोटो बघून भुलायचं नाही. आत्यासारखी चौकशी करायची.

दुसऱ्या दिवसापासून मी टेबलाशी बसले. कोणतीही वेबसाइट उघडली की मजकूर वाचायच्या आधी मी तळाशी जायचे. हे कोण? कुठले? लिहिणाऱ्याचं नाव आहे का, की नुसतंच 'आमची टीम'? काही विकतात का? शेवटचं कधी लिहिलं? नुसतं 'शास्त्रज्ञ सांगतात' असं म्हटलं असेल, तर कोणते शास्त्रज्ञ, त्यांचं आडनाव काय? नावच नसेल तर मी लगेच दार लावून घ्यायचे. आमचे हे पलीकडे पेपर वाचत बसायचे. एकदा म्हणाले, "तू अभ्यास करतेस की मुली बघतेस?"

अशी बरीच स्थळं नाकारली. मग चांगली सापडायला लागली, आणि गंमत म्हणजे चांगली दिसायला अगदी सामान्य होती. नद्यांचं पाणी तपासणाऱ्या सरकारी खात्याचे तक्ते होते, ना पान ना फूल, नुसते आकडे. पण कोणत्या ठिकाणी, कोणत्या महिन्यात पाणी घेतलं ते सगळं लिहिलेलं. विद्यापीठांच्या प्राध्यापकांनी मोफत ठेवलेले पाठ होते, आवाज रटाळ पण प्रत्येक पाठाखाली पुस्तकांची यादी. शाळेची अकरावी-बारावीची पुस्तकंही फुकट उतरवून घेता येतात हे मला नव्याने कळलं. ती आधी वाचली म्हणून पुढचं समजलं, नाहीतर पाण्यात विरघळलेला प्राणवायू म्हणजे काय इथेच माझी बोट अडकली असती.

एक गोष्ट मात्र सुटत नव्हती. जलपर्णी पाणी शुद्ध करते हे त्या पावडरवाल्यांनी हवेतून काढलं, की त्याला कुठेतरी मूळ होतं? शोधत शोधत मी एका शोधनिबंधापर्यंत पोचले. विदर्भातल्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांचा होता. जलपर्णीने पाण्यातले जड धातू शोषले, असं खरंच लिहिलं होतं. मी हादरले. म्हणजे पावडरवाले बरोबर आणि मॅडम चूक? पण निबंधाच्या शेवटी एक परिच्छेद होता, या अभ्यासाच्या मर्यादा. तो वाचताना मला आत्याला भेटलेल्या शेजारच्या बाई आठवल्या. स्वतःचं उणं सांगणारं काहीतरी मी पहिल्यांदाच वाचत होते. इंग्रजी मात्र जड होतं, नीट कळेना. खाली ईमेल होता. मी पत्र लिहायला घेतलं आणि सुरुवात सोसायटीच्या कचऱ्याच्या खड्ड्यापासून केली. ह्यांनी वाचून सांगितलं की एवढं मोठं पत्र माणूस फक्त मृत्युपत्र असेल तरच वाचतो. मग चार ओळींचं पाठवलं.

उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. आलं, आणि मराठीत आलं.

'ताई, तो अभ्यास आम्ही कॉलेजच्या गच्चीवर टबांमध्ये केला होता. रोपं वाढली की आम्ही ती उचलून बाहेर काढत होतो. नदीतली कोण काढतं? ती तिथेच कुजतात, पाण्यातला प्राणवायू खातात आणि शोषलेलं बरंचसं पुन्हा पाण्यातच सोडतात. कृपया आमच्या नावावर नदी स्वच्छ करू नका.'

ते पत्र मी ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. जेवताना. ते बोलले नाहीत.

प्रकल्प नव्याने लिहिला. या वेळी तो पहिल्यापेक्षा निम्मा झाला, कारण ज्याला आधार मिळाला नाही ते सगळं वाक्यासकट गेलं. नगरपालिकांची खरडपट्टीही गेली, याचं मला अजून थोडं वाईट वाटतं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. माझ्या आधीची मुलं बाहेर येऊन कपाळावरचा घाम पुसत होती. एक मुलगी मला म्हणाली, "आजी, टेन्शन नका घेऊ, काही नाही आलं तर बोलत राहा." तिला काय माहीत, बोलत राहणं हा तर माझा पिंडच.

परीक्षकांनी विचारलं, मग जलपर्णी चांगली की वाईट? मी म्हटलं, टबात आणि वेळेवर काढली तर उपयोगी, नदीत माजू दिली तर घातक. त्यांनी मान हलवली आणि पुढचं विचारलं. आपल्याकडे ती नदीतून काढून काठावर ढीग घालतात. त्या ढिगातून झिरपून परत नदीत किती जातं?

इथे वीस वर्षांची मी असते तर वक्तृत्वाचं बक्षीस वसूल केलं असतं. जिभेच्या टोकावर एक छान वाक्य आलंही होतं. ते मी गिळलं.

"सर, आपल्या भागातल्या ढिगांबद्दल खात्रीची माहिती मला मिळाली नाही. कुठे कुठे शोधली ते शेवटच्या पानावर लिहिलंय."

त्यांनी शेवटचं पान काढलं आणि वाचत राहिले. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मला समोर एकदम पुढची सगळी हळदीकुंकवं रांगेने दिसू लागली. मग परीक्षक म्हणाले, "मलाही नाही मिळाली," आणि प्रकल्प मिटून मला जायला सांगितलं. यातून मी पास की नापास, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

निकाल वेबसाइटवर लागला. मी तीनदा क्रमांक टाकून पाहिला. पास. प्रकल्पाला तर पहिल्या वर्गाचे गुण. मी पडद्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर न टाकता आधी एकट्या जाऊबाईंना पाठवला. लगेच त्यांचा फोन आला.

"अगं, हे खरं की कुणी फॉरवर्ड केलंय?"

"वहिनी, माझाच निकाल आहे."

"फोटोवर माझा भरवसा नाही. जिथे लागलाय तिथली लिंक पाठव."

मी लिंक पाठवली. मग त्यांनी बैठक क्रमांक मागितला. मग जन्मतारीख मागितली आणि ती ऐकून म्हणाल्या, लग्नात तर वय एक वर्ष कमी सांगितलं होतं. फोन कानाला तसाच होता. पलीकडे त्या एकेक आकडा मोठ्याने म्हणत टाकत होत्या, चुकत होत्या, परत टाकत होत्या. मीही इकडे श्वास रोखून बसले, जणू त्यांच्याकडे काही वेगळाच निकाल निघणार होता.

"हां," त्या शेवटी म्हणाल्या. "आहे. झालीस."