मालकाचा गुडघा

"थांब तिथंच. शिवू नको!" खानावळीचा मालक ओरडला आणि खरकट्याची बादली वरूनच माझ्या डब्यात उपडी केली. आमटी पदरावर उडाली, तोंडावर उडाली. दारातले दोन कारकून हसले. लातूर जिल्हा नवा झाला तसे अहमदपुरात असले कारकून लई झाले होते. निम्मं खायचे, निम्मं टाकायचे. टाकलेलं आमची डुकरं खायची.

वरून ओतायची ही त्याची रीत. बादली डब्याला लागली तर बाटते म्हणे. बाईचं तोंड आमटीनं भरलं तर काही बाटत नाही.

आम्ही बौद्ध. दोन एकर कोरडवाहू रान. दुष्काळात विहीर आटली, कडब्यावाचून बैल विकले, आणि मी दोन डुकरिणी आणल्या. नवरा लाजला. मी लाजले नाही. खरकटं उकळायचं, थंड करून घालायचं. बघता बघता अकरा डुकरं झाली. घर त्यांच्यावर चालायचं आणि ती त्या बादलीवर. म्हणून रोज तोंड पुसून मी गप घरी यायचे.

मग मालकाचा गुडघा धरला. वैदूनं सांगितलं, डुकराची चरबी चोळ. आता हा सोवळ्याचा पुतळा मागणार कुणाला? लंगडत मागच्या दारी आला. हळूच म्हणाला, "बाई, जरा चरबी आणशील का? कुणाला बोलू नको." मी बाई आहे हे त्याला त्या दिवशी कळलं.

चरबी कढवून नेली. डबा पुढं केला तर दोन पावलं मागं सरला. "खाली ठेव. लांब." ठेवला. त्यानं आतून तांब्या आणला आणि चरबीवर पाणी शिंपडलं. शुद्ध करत होता! आमच्या वस्तीत बायका घागरभर पाण्यासाठी टँकरमागं धावत होत्या, आणि हा डुकराच्या चरबीला अंघोळ घालत होता. थिजलेल्या चरबीवर पाण्याचे थेंब तसेच बसून राहिले. चरबीत पाणी मुरत नाही, एवढीही अक्कल नाही.

मला हसू फुटलं. ह्या माणसाला मी भीत होते? ह्याला? हसता हसता राग मस्तकात गेला. मी डबा उचलला.

"ए, कुठं चाललीस? उद्यापासून खरकटं बंद!"

"कर बंद. माझी चरबी बाटली तुझ्या पाण्यानं."

बंद केलं त्यानं. सात डुकरं मिळेल त्या भावाला विकली. उरलेल्या चारांसाठी मी लांबच्या ढाब्यावर चालत जाऊ लागले. ढाबेवाल्याला आधीच सांगितलं, बादली मी माझ्या हातानं उचलणार.

आठ दिवसांनी मालकानं वेटर धाडला. "मालक म्हणतेत, चरबी द्या, खरकटं चालू करतो."

"त्याला सांग, सोता यायचं. दिवसा, समद्यांसमोर. आमच्या दारात बसायचं, माझ्या हातचं पाणी प्यायचं, मग माझ्या हातातनं चरबी घ्यायची. न्हाई तर ऱ्हा म्हणावं लंगडत."

तो आला नाही. पुढं काठी आली हातात, तरी आला नाही. माणसं मला म्हणतात, जाऊ दे, म्हातारा झालाय. झाला असेल. माझी अट तीच आहे. त्यातला एक शब्द कमी होणार नाही.