मंगळवारचा गिलास

आमच्या संस्थेत प्रत्येक गोष्टीचं रजिस्टर आहे. घरकुलाच्या अर्जांचं वेगळं, अभ्यासवर्गाच्या हजेरीचं वेगळं, घरातली भांडणं घेऊन येणाऱ्यांचं वेगळं. नाही ते फक्त हसू आलेल्या गोष्टींचं. त्या अशाच साठत जातात, कपाटाखाली पीठ साठतं तशा. कुणी झाडू फिरवला की निघाल्याच बाहेर!

पिठाचं उगाच नाही म्हणाले. अमरावतीतलं आमचं ऑफिस एका गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत आहे. फायलींवर पीठ, खुर्च्यांवर पीठ. सकाळी कुठल्याही रंगाची साडी नेसून या, संध्याकाळी सगळ्यांची एकच! संस्थेच्या प्रमुख नीलिमाताई, मूळच्या नाशिकच्या, लग्न होऊन इकडे आल्या. कागदपत्रं बघतात ते बोंडेकाका, निवृत्त ग्रामसेवक. आणि मी सुनंदा. शिक्षण दहावी. मुलांच्या अभ्यासवर्गात खाऊ करायला म्हणून आले होते, आता वर्गही घेते.

* * *

गिरणी सुरू झाली की आमच्याकडे ओरडूनच बोलावं लागतं. एकदा एक बाई नवऱ्याची तक्रार घेऊन आल्या. बिचाऱ्या आधी हळू बोलत होत्या. नीलिमाताई सारख्या म्हणायच्या, "काय? जरा मोठ्यानं!"

शेवटी बाईंनी जीव एकवटून ओरडून सांगितलं, "तो घरात काडीई हलवत नाई!"

आणि नेमकी तेवढ्यात लाइट गेली. गिरणी बंद. सगळीकडे चिडीचूप. बाईंचं वाक्य जिना उतरून थेट खाली गेलं.

खाली दळणाच्या रांगेतून आवाज आला, "माह्याई तसाच हाय बाप्पा!"

त्यामागून दुसरा, "अवं, कोनाचा नसते?"

तेव्हापासून कुटुंब-सल्ल्याचा वार ठरला मंगळवार. मंगळवारी गिरणीला सुट्टी असते.

* * *

गिरणी बंद झाली तरी माणसं थोडीच बंद होतात! भांडण घेऊन येणारे सगळे एकदमच बोलायचे. मग नीलिमाताईंनी एक नियम काढला. टेबलावर पाण्यानं भरलेला स्टीलचा गिलास. ज्याच्या हातात गिलास, त्यानंच बोलायचं. राग आला तर घोटभर प्यायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. गिलासावर नाव कोरलंय, 'मामाकडून सप्रेम भेट'. कोणाचे मामा, ते आजवर कळलं नाही. पण मामांच्या गिलासाचा नियम कुणी मोडत नाही.

एका मंगळवारी दर्यापूरजवळच्या एका गावातून मंगला आली. तिशी-पस्तिशीची. नवरा आजारपणात गेलेला. ती, आठवीतली मुलगी वैष्णवी आणि सासू कमलाबाई, अशा तिघी एका टिनाच्या खोलीत राहायच्या. आता त्या जागेवर सरकारी योजनेतलं घरकुल होणार होतं. जागा कमलाबाईंच्या नावाची, त्यामुळे घर कोणाच्या नावानं करायचं ते त्यांच्या संमतीवर. मंगलाचं म्हणणं एवढंच, की घर माझ्या नावानं व्हावं. कारण तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ रमेश, अकोल्याला दुकानात कामाला, ते म्हणत होते की घर माझ्या नावानं करा. आणि एकदा त्यांच्या नावानं झालं की या मायलेकींनी जायचं कुठे?

मंगलाच्या मागोमाग तिच्या आत्याबाई, म्हणजे सासू कमलाबाईही हजर. डोक्यावर पदर, हातात पिशवी, चेहरा असा की जणू आम्हीच त्यांची जागा खाल्ली. मंगला बोलायला लागली तशी कमलाबाईंनी झपकन गिलास उचलला. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत बसलो. एक मिनिट गेलं. पाच गेली. बाई गप्प! मधूनच एक घोट घ्यायच्या, पुन्हा गप्प.

शेवटी नीलिमाताई म्हणाल्या, "कमलाबाई, बोला ना."

"मले नाई बोलाचं."

"मग गिलास खाली ठेवा."

"नाई ठेवत. मले बोलाचं नाई, पन हिलेई बोलू द्याचं नाई!"

* * *

त्या दिवशी दोघी गेल्यावर बोंडेकाका म्हणाले, "म्हातारी वाईट नाई. भेली हाय. तिले वाटते, नाव सुनीचं झालं का सून भायेर काढन. नाव पोराचं झालं का पोरगा भायेर काढन. म्हनून ती नावच लावू देत नाई."

काकांना हे बरोबर कळतं. त्यांनी आयुष्यभर नावंच लावली आहेत.

काकांचा एक नियम आहे. घरकुलाचं काम जसं वर चढतं, तसे टप्प्याटप्प्यानं मोबाइलवर फोटो काढायचे असतात. ज्याचं नाव, त्यानंच घरासमोर उभं राहायचं. दुसरं कुणी फ्रेममध्ये आलेलं काकांना चालत नाही. तेल्हाऱ्याकडच्या एक आजी मात्र पाया भरला तेव्हाच्या फोटोला शेळीचं पिलू कडेवर घेऊन उभ्या राहिल्या.

काका म्हणाले, "आजी, शेळी बाजूले करा."

"काहून करू? उद्या घर कोनाच्या दुधावर चालन? तुमच्या?"

काकांनी फोटो काढला. पुढे भिंती चढल्या. फोटोत आजी, भिंत आणि चांगली धष्टपुष्ट शेळी. मग स्लॅब पडला. फोटोत आजी, स्लॅब, शेळी आणि शेळीची दोन पिलं.

पंचायत समितीतल्या इंजिनिअर साहेबांनी तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावून बघितले आणि म्हणाले, "बोंडे, घराचं ठीक आहे. पण शेळीचं काम वेळेत झालंय!"

* * *

मंगला नववीपर्यंत शिकलेली. नीलिमाताईंनी तिला बाहेरून दहावीचा फॉर्म भरायला लावला. दहावी झाली तर गावातच काहीतरी काम मिळेल, अंगणवाडीत म्हणा, बचत गटात म्हणा. आठवड्यातून दोनदा मी दर्यापूरची बस धरून त्या गावात वर्ग घ्यायला जाऊ लागले. मीच दहावी, माझ्यासमोर सहा बायका, त्याही दहावीच्या. मी आदल्या दिवशी पाठ करायचे आणि दुसऱ्या दिवशी शिकवायचे. तुम्हाला म्हणून सांगते, बीजगणित मला तेव्हा पहिल्यांदा समजलं!

कमलाबाई दाराशी बसून तूर निवडायच्या. वर्गात यायच्या नाहीत, पण हलायच्याही नाहीत. अधूनमधून टोमणा यायचा, "शिका, शिका. कलेक्टर व्हा अन् मंग माह्यासाठी गाडी पाठवा."

एकदा मी विचारलं, "प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?" सहाही बायका खाली बघायला लागल्या. मंगलाही. मी दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. मी जाम वैतागले.

तेवढ्यात दारातून सुपाचा आवाज थांबला.

"पान उनात सयपाक करते, अन् अख्खं झाड जेवते. काय वं मंगले, काल चार खेपा वाचलं ना तू! मले पाठ झालं, तुले नाई?"

पुढचा अर्धा तास कुणालाच शिकवता आलं नाही. सगळ्यात जास्त मंगला हसली. मग मी बघितलं, कमलाबाईंनी सूप तोंडापुढे धरलं होतं आणि सुपामागे त्यांचे खांदे हलत होते!

* * *

नंतर एकदा वर्ग संपल्यावर मी त्यांच्या घरी गेले. उन्हातून चालून घसा कोरडा पडला होता. पाणी मागितलं तर मंगलानं गडव्यात, म्हणजे तांब्यात आणून दिलं. वरून पिता पिता माझा अर्धा पदर भिजला.

मी म्हटलं, "गिलास नाही का घरात?"

सासू-सून एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मंगला हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या ऑफिसातला नियम आमी घरी सुरू केला. गिलास घिऊन भांडतो."

"मग?"

"घरात तीनच गिलास. वैष्णवीनं तिन्हीच्या तिन्ही दप्तरात टाकून शाळेत नेले."

कमलाबाई चुलीपाशी बसून फणफणल्या, "पोट्टीची परीक्षा हाय म्हने. घरात शांतता पायजे म्हने!"

* * *

इकडे रमेशरावांची समजूत काढायची म्हणून मी आणि बोंडेकाका अकोल्याला गेलो. काकांनी बसमध्ये मुद्दे पाठ केले होते. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, शेवटी भावनेचा मुद्दा.

रमेशराव माणूस तसा अगत्याचा. भाड्याचं दोन खोल्यांचं घर, बायको, दोन मुलं. आम्ही टेकतो न टेकतो तोच ताटं वाढली! पाटवडीचा रस्सा, पुऱ्या, वांग्याची भाजी. काकांनी "रमेशराव, मी काय म्हनतो" एवढं म्हणावं की वहिनींनी ताटात पुरी टाकावी. पुन्हा "मी काय म्हनतो", पुन्हा पुरी. आपल्याकडे वाढलेल्या ताटासमोर वाद घालायची रीत नाही, आणि रमेशरावांना ते चांगलं ठाऊक होतं. निघताना तेच म्हणाले, "काका, तुमी काहून तकलीफ घेता? या मंगळवारी मीच येतो. कागद बनवून आनतो. माय माह्या शब्दाभायेर नाई."

परतीच्या बसमध्ये मी रागानं म्हटलं, "काका, तुम्ही विषय काढलाच नाही!"

काकांनी पोटावरून हात फिरवला. "सुनंदाबाई, विषयाले जागाच कुठी उरली होती!"

हसू आलं, पण मूर्तिजापूर येईपर्यंतच. मंगळवारला चारच दिवस होते.

* * *

मंगळवार उजाडला. गिरणी बंद. रमेशराव टाइप केलेला कागद घेऊन आले, घर त्यांच्या नावानं करायला मायची संमती आहे असा. कमलाबाई त्यांच्या शेजारी बसल्या. मंगला भिंतीला लागून उभी. बस म्हटलं तरी बसेना. पदर कपाळाच्याही खाली ओढलेला. मला तेव्हा आठवलं, त्यांच्याकडे सून भासऱ्यांसमोर बसत नाही, बोलतही नाही. लग्न झाल्यापासून तिनं रमेशरावांसमोर एक शब्द उच्चारलेला नव्हता. वर्गात सगळ्यात जास्त हसणारी मंगला, आणि इथे नुसता पदर!

नीलिमाताईंनी गिलास भरून टेबलावर ठेवला आणि नियम सांगितला. रमेशरावांनी हसून तो बाजूला सरकवला. "आपल्याले काय गिलास-बिलास! घरातलीच गोष्ट हाय. मी थोरला. मायले मीच पाहीन, हिलेई पाहीन. कोनाले भायेर थोडीच काढतो? फक्त नाव माह्यं राह्यलं पायजे."

बोंडेकाका म्हणाले, "मंगलाबाई, तुमचं म्हननं काय? तुमच्या तोंडून पायजे."

मंगला जमिनीकडे बघत राहिली. पायाच्या अंगठ्यानं फरशीवरचं पीठ कोरत राहिली. नीलिमाताईंनी विचारलं. मी विचारलं. काही नाही.

रमेशराव म्हणाले, "पाहा. तिचं काईच म्हननं नाई. आना शाई."

काकांनी शाईचं पॅड उघडलं. आणि तेवढ्यात कमलाबाईंनी गिलास उचलला.

मनात म्हटलं, झालं, आता ह्या तासभर बोलणार नाहीत आणि बोलूही देणार नाहीत.

कमलाबाईंनी एक घोट घेतला. उठल्या. भिंतीपाशी गेल्या, मंगलाचा एक हात धरला, मग दुसरा, आणि दोन्ही हातांत गिलास ठेवला. येऊन पुन्हा जागेवर बसल्या.

मंगलानं एक घोट घेतला आणि पदराआडून आवाज आला. इतका बारीक, की गिरणी चालू असती तर ऐकूच आला नसता.

"घर माह्या नावानं पायजे."

तिनं आणखी एक घोट घेतला. या वेळी आवाज जरा मोठा होता.

"वैष्णवी तिथूनच शिकन. अन् आत्याबाई माह्यापाशी राहीन. चूल एकच राहीन. हे बी कागदावर लिवा काका. मी सही करतो."

रमेशराव ताडकन उभे राहिले. "अवं माय, आयकून काय राहिली? थोरला पोरगा मी हाय तुह्या!"

कमलाबाईंनी शाईचं पॅड आपल्याकडे ओढलं, त्यावर अंगठा दाबला आणि काकांकडे कोरा कागद मागितला.

"थोरला अशीन. चूप बस. गिलास तिच्या हातात हाय."