त्याले सांग, कोंबडी सांभाळ

आमच्या घरात टीव्ही बाबांचा होता, व्हिडिओ गेम काकांचा होता, आणि बाबा अन् काका एकमेकांशी बोलत नव्हते. आता बोला!

भांडण विहिरीवरच्या मोटारीचं. मोटार जळली. चालू कोणी ठेवली, यावरून दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि तोंडं बंद झाली ती झालीच. चूल एक, मिरचीचं वावर एक, आणि मधे मी, दहा वर्षांची. "त्याले सांग, मिरचीले पाणी सोडलं." "त्याले म्हण, दिसते मले." हे दोघं हातभर अंतरावर बसलेले! आई म्हणायची, "पोरगी नाही, डाकघर हाय हे."

तो गेम काकांनी डोणगावच्या बाजारातून माझ्यासाठी आणला होता, हे मी आजही ठासून सांगते. रणगाड्यांचा खेळ. खाली मधोमध विटांच्या आड एक पक्षी. तो गरुड होता म्हणे. आमच्या घरी ती कोंबडी. चहूकडून शत्रूचे रणगाडे येणार, दोघांनी मिळून तिला वाचवायचं. दोन दिवस मी आणि काका खेळलो. तिसऱ्या दिवशी बाबा "पाहू दे जराक" म्हणाले आणि माझा रिमोट त्यांच्या हातात गेला. परत आला नाही.

"त्याले सांग, डावीकून येऊन राह्यला!"

मी वळायची. "बाबा, काका म्हणते, डावी..."

धडाम! कोंबडी गेली.

"काऊन वं, लवकर सांगता येत नाही?" हे मात्र दोघं एका सुरात.

बाबांच्या गोळ्या काकांच्याच रणगाड्याला लागायच्या आणि तो जागीच थिजायचा. "त्याले इचार, मी दुश्मन हाय का?" "त्याले सांग, रस्त्यात काऊन उभा राह्यते?" तेही मीच पोचवायचं, शब्दाला शब्द.

बाराव्या स्टेजवर गाडं अडलं ते कित्येक दिवस. मला स्टेजचं सोयरसुतक नव्हतं. या दोघांनी एकदा तोंड उघडावं आणि माझी सुटका करावी, एवढंच मागणं. एकदा घसा बसल्याचं सोंगही केलं. दोघं मला खुणा करायला लागले.

आणि एका रविवारी दुपारी विटा सगळ्या उडाल्या. कोंबडी उघडी. शत्रूचे दोन रणगाडे उरलेले.

"अबे, मांगं पाह्य, मांगं!" बाबा ओरडले.

"पाहून राह्यलो ना, भाऊ! तू वरचा धर!"

"धरला! मार, मार!"

स्टेज पार! बाबांनी काकांच्या पाठीवर अशी थाप हाणली की काकांच्या हातातून रिमोट उडाला. दोघं हसत होते. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हसून.

तेव्हा मी गप्प बसले असते तर! पण मी उडीच मारली. "आई वं, बोलले! बाबा अन् काका बोलले!"

हसू जागच्या जागी विझलं. बाबांनी काकांच्या पाठीवरचा आपला हात पाहिला आणि काढून घेतला. पडद्यावर तेरावी स्टेज सुरू झाली होती. कोणीच बटण दाबत नव्हतं. काकांनी चपला घातल्या.

"त्याले सांग," दारातून ते मला म्हणाले, "मी वावरात चाललो."

बाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले होते. मी सांगितलं.