बिबट्या दिसल्यावर काय कराल?

अंधेरीतल्या आमच्या कारखान्यात डिस्पॅचचं मुख्य पद रिकामं झालं, तेव्हा ते मला मिळणार असं मी धरून चालले होते. बावीस वर्षं मी त्याच खात्यात आहे. कोणती गाडी कधी लागते, कोणता ड्रायव्हर फोन उचलत नाही, कोणत्या गिऱ्हाइकाचं गेट दोनला बंद होतं, सगळं माझ्या वहीत असतं. पदासाठी नावं दोनच होती. एक माझं, दुसरं समोरच्या टेबलावरच्या सहकारिणीचं. ती माझ्यानंतर आठ वर्षांनी आली, पण वयाने बरोबरीची, त्यामुळे आम्ही पहिल्यापासून अगं-तुगं.

निवडीआधी आमच्या खात्याला एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवलं. बाहेरून आलेल्या ट्रेनरबाईंनी कॉन्फरन्स रूमचे दिवे बारीक केले आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. तुम्ही एका जंगलात चालताय. मी विचारीन ते मनात बघा आणि कागदावर लिहा. यात बरोबर-चूक असं काही नसतं."

हे शेवटचं वाक्य मी खरं मानलं आणि तिथेच माझी वाट लागली.

मी बोरिवली पूर्वेला राहते. नॅशनल पार्कची भिंत आमच्या सोसायटीच्या मागेच आहे आणि रोज सकाळी मी आत चालायला जाते. त्यामुळे जंगल म्हटल्यावर मला कल्पनेतलं काही सुचेना. रोजचाच रस्ता डोळ्यांपुढे आला. बरोबर कोण आहे? सोसायटीतल्या दोघी, कारण एकटीने जायचं नाही. वाटेत कप पडलाय, काय कराल? उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकीन, नाहीतर माकडं पळवतात. प्राणी दिसला, कोणता? बिबट्या. काय कराल? पळणार नाही, खाली वाकणार नाही, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरकेन आणि वनखात्याला फोन करीन. पुढे एक घर आहे, त्याला कुंपण आहे का? आहे, दारात दिवाही आहे आणि कचऱ्याचा डबा झाकलेला आहे. उघड्यावर कचरा टाकला की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. आमच्याकडे हे शाळेतली मुलंसुद्धा सांगतील.

बाईंनी कागद गोळा केले आणि एकेकाचा मोठ्याने वाचून अर्थ सांगायला सुरुवात केली. कप म्हणजे नाती, प्राणी म्हणजे अडचणी, कुंपण म्हणजे आपलं मन. माझ्या कागदावर त्या जरा थांबल्याच.

"मॅडम, अडचण आली की तुम्ही मागे सरकता आणि ती दुसऱ्याच्या गळ्यात टाकता. नाती तर थेट कचऱ्यात."

"अगं, बिबट्याकडेसुद्धा गेटपास मागशील तू!" समोरून सहकारीण म्हणाली, आणि सगळे हसले. मीही हसले असते, पण मागच्या खुर्चीवर निवड करणारे आमचे साहेब काहीतरी टिपून घेत होते.

"अहो, बिबट्या खरंच आला तर हेच करायचं असतं," मी म्हटलं. "तिकडे तसा फलक लावलाय."

"बघा, तुम्ही लगेच स्वतःचा बचाव करायला लागलात," बाई शांतपणे म्हणाल्या.

गप्प बसावं तर कबूल केल्यासारखं, बोलावं तर पुन्हा बचाव.

सहकारिणीला हरीण दिसलं होतं. तिने त्याला कुरवाळलं, चांदीचा कप घरी नेला आणि तिच्या घराला कुंपण नव्हतं, दारं सताड उघडी. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी मी तिला गाठलं. "वाकोल्याच्या घराला दोन कुलपं लावतेस ना गं तू? वर सेफ्टी डोअर!"

"मग काय झालं? असल्या वेळी गोड-गोडच लिहायचं असतं. तुला खरं लिहायला कोणी सांगितलं होतं?"

तिचा राग मला त्या क्षणीही आला नाही. राग आला तो माझा. बावीस वर्षं नोकरी करून एवढं मला कळू नये?

आठवड्याने साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पद तिला दिलं होतं.

"माझ्या कामात काय चुकलं, सर?"

"कामाचा प्रश्नच नाही हो. काम उत्तमच आहे तुमचं. पण या पदाला अडचण अंगावर घेणारा माणूस हवा. ट्रेनरबाईंचा रिपोर्ट तुम्ही ऐकलातच."

"मागच्या वर्षी तीन गाड्या एकाच दिवशी बंद पडल्या तेव्हा माल कोणी पोचवला?"

"तेच म्हणतोय मी, काम उत्तम आहे," असं म्हणून त्यांनी फोन उचलला.

टेबलावर येऊन मी त्यांना मेल लिहिली. आज आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार माझ्या कामाबद्दल कोणतीही तक्रार नाही, आणि निवड ट्रेनिंगमधल्या जंगलाच्या प्रश्नांवरून झाली आहे. हे बरोबर आहे ना, ते कृपया कळवावं. दहा मिनिटांत उत्तर आलं. नुसतं वर केलेल्या अंगठ्याचं चित्र.

मी परत लिहिलं, कृपया शब्दांत कळवावं. त्यावर अजून काही आलेलं नाही. दर सोमवारी साडेनऊला, पहिली गाडी लागायच्या आत, मी त्याच मेलवर आठवण पाठवते.