पुस्तकात घुसवलेली सासू

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. पण चौथी तेव्हाची, त्यामुळे वाचन खणखणीत होतं. सासूबाईंना अक्षर येत नव्हतं. सासर रत्नागिरीकडे, पावस गावाच्या अलीकडे. सासरे पूर्वीच गेलेले, घरात आम्ही दोघीच. नवरा मुंबईत एका पेढीवर कारकून. लग्नानंतर पंधरा दिवस राहिला आणि बोटीनं परत गेला. बायकोनं सासरी राहायचं आणि नवऱ्यानं शिमग्याला नाहीतर मे महिन्यात यायचं, ही आमच्याकडची रीतच होती. त्यावर कोणी रडत बसत नसे. मी रडले नाही, पण मला मुंबईला जायचं होतं. नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "आई म्हणेल तसं." आईला विचारायची छाती त्यालाही नव्हती आणि मलाही नव्हती.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तो एक कादंबरी घेऊन आला आणि जाताना माझ्या ट्रंकेत ठेवून गेला. त्या काळी ती फार गाजलेली होती. नुकतं लग्न झालेलं जोडपं फिरायला निघतं. आधी आगगाडी, मग होडी, मग थंड हवेचा डोंगर. बरोबर कोणी नाही, दोघंच. असं कोणी करतं हेच मला माहीत नव्हतं. आमच्याकडे नवी जोडी कुळदैवताला जायची, तीसुद्धा सात-आठ माणसांच्या घोळक्यात, आणि नवरा-नवरी बैलगाडीच्या दोन टोकांना.

पावसाळ्यात बोटी बंद झाल्या. दुपारी पडवीत सासूबाई सुंभ वळायला बसत आणि मी कोपऱ्यात वाचत बसे. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "काय गो, मनातल्या मनात काय वाचतेस? मोठ्यानं वाच. माझे कान अजून गेले नाहीत."

पुन्हा सुरुवातीपासून मोठ्यानं वाचायला लागले आणि पहिल्याच पानावर अडकले. आगगाडीच्या डब्यात तो तिचा हात हातात घेतो. हे सासूसमोर कसं वाचायचं? मी तिथल्या तिथं डब्यात एक सासू बसवली. म्हणजे त्याची आई. ती खिडकीपाशी बसून भाकरी सोडते आहे, असं वाचून दाखवलं.

"भाकरीबरोबर काय?" सासूबाईंनी विचारलं.

"सुकटीची चटणी."

"शहाणी आहे बाई," म्हणाल्या.

मग सुटका नव्हती. त्या दोघांचं सगळं राहिलं बाजूला, सासूबाईंना फक्त पुस्तकातली सासू हवी असे. जेवण आटोपलं की विचारायच्या, "बघ गो, आज कुठं पोचली ती?" होडीत तिला मळमळलं तेव्हा सासूबाईंनी कोकम चघळायला सांगितलं. डोंगरावर थंडी होती म्हणून मी तिला घोंगडी दिली. चांदण्यात ती दोघं फिरायला निघाली, की मला पुस्तकातल्या सासूला आधी झोपवावं लागे. "किती झोपते ही!" सासूबाई चिडायच्या. "पोरांना एकटं सोडून!" एक पान वाचायला मला तीन पानांची कल्पना लढवावी लागे.

श्रावण संपत आला. आता बोटी सुरू होणार होत्या. मी मनाचा हिय्या केला आणि एका दुपारी पुस्तकातल्या सासूला बंदरावर उतरवलं. ती मुलाला म्हणते, "आता मी घरी जाते. तू बायकोला घेऊन पुढं जा. संसार तुमचा तुम्ही करा." हे मी पुस्तकाकडे बघत एका दमात वाचलं.

सासूबाईंचा हात थांबला. सुंभ मांडीवर तसाच राहिला.

"घरी तिला कोण आहे?"

"तसं लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नाही काय! दोन महिने बघते आहे, पान उलटतेस एक आणि सांगतेस गावभर. ती बाई त्या पुस्तकात आहे तरी का?"

मी पुस्तक मिटलं.

"तुला मुंबईला जायचंय तर तोंडानं सांग. तिला बिचारीला कशाला बंदरावर उतरवतेस?"

"मला जायचंय," मी म्हटलं.

त्यांनी अंगणापलीकडच्या भाताकडे बघितलं. मग म्हणाल्या, "भात कापून घरात आलं की जा. त्याला पत्र घाल, खोली बघ म्हणावं." आणि सुंभ पुन्हा हातात घेत म्हणाल्या, "आता पहिल्यापासून वाच. खरं काय ते. ती बाई काढून टाक."

मी पहिलं पान काढलं. हात धरल्याचं वाचताना माझी जीभ अडखळली. "धरला तर धरला," त्या म्हणाल्या. "नवराच आहे ना तिचा? पुढं वाच."

पुढचं सगळं खरं वाचलं. डोंगरावर त्या दोघांचं क्षुल्लक गोष्टीवरून बिनसतं आणि मग गोडी होते, एवढंच त्यात होतं. सासूबाईंना ते पसंत पडलं नाही. "भांडण सोडवायला घरचं कोणी नको का?" म्हणाल्या.

दिवाळीनंतर मी गेले. त्या रत्नागिरीच्या बंदरापर्यंत आल्या होत्या. पडावात, म्हणजे लहान होडीत, बसून मी बोटीकडे निघाले तेव्हा मला फक्त मुंबई दिसत होती. आता त्यांना वाचून दाखवायला घरात कोणी नाही, हे सुचलं ते बोट सुटल्यावर. सुचून उपयोग काही नव्हता. परत फिर म्हणून बोटवाल्याला कोण सांगणार, आणि खरं सांगायचं तर मला फिरायचंही नव्हतं.