सुदामच्या गाडीचे चार टायर

मे महिन्याच्या अखेरीस, घाटातले रस्ते कोरडे असतानाच टायर बदलायचे, हा माझा शिरस्ता. यंदा माझं हे ऐकायला सुदाम मात्र उरला नव्हता. सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या गावातून पाड्यांवर चढणाऱ्या पिकअप दोनच होत्या, एक माझी आणि एक सुदामची. वर भाजी, किराणा, सिमेंट न्यायचं आणि येताना कुणी आजारी असेल तर खाली दवाखान्यात आणायचं. गेल्या श्रावणात सातव्या वळणावर सुदामची गाडी दरीत गेली. गाडीत तो एकटाच होता. निम्मं गाव म्हणालं, वळण झपाटलेलंच, त्यानं नेला. बाकीचं निम्मं म्हणालं, प्यायला असणार. मी दोन्हीकडे मान डोलावली.

पहाटे सुरतेला निघालो. नवापूर ओलांडलं, सोनगडला चहा घेतला. खडबडीत रस्त्याच्या ज्या टायरांना दुकानदार 'ऑल टेरेन' म्हणतात, त्यांची एक जोडी मला मागच्या चाकांना हवी होती. टायरमधलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असा माझा तेव्हा समज होता. गावात कुणी टायर घ्यायला निघालं की आधी माझ्याकडे येई आणि मी जावयासारखा ऐटीत सल्ला देई. बारडोलीला सेव-खमणी (वाटलेल्या डाळीचं मोकळं खमण, वर शेव) हाणली आणि तोंड पुसत सुरतेत शिरलो.

पर्वत पाटियाच्या चौकात कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेल्या टेम्पोंनी मला अर्धा तास जागेवर खिळवून ठेवलं. त्यात कुणाच्या तरी हातगाडीनं माझा डावा आरसा मोडून नेला. नव्या टायरांच्या दुकानातला गुजराती विक्रेता भारी नम्र होता. टायर खरंच चांगले होते, खोल नक्षीचे, कडेला उघड्या खाचा असलेले, चिखल बाहेर फेकणारे. मी दोन मागितले. त्यानं बाहेर येऊन माझ्या पुढच्या चाकांवरून अंगठा फिरवला.

"काका, चारे चार बदली नाखो," (चारही बदलून टाका) तो म्हणाला.

"जोर मागच्या चाकांना असतो. पुढची नुसती सोबतीला," मी म्हणालो.

"सोबतीला?" म्हणत तो पुन्हा पुढच्या चाकाशी वाकला. विकणारा चारच घ्या म्हणणार, असं मनात म्हणत मी तिथून निघालो.

जुन्यातली चांगली जोडी मिळते म्हणून पांडेसराला गेलो. तिथे डाईंगच्या गिरण्यांची धुराडी, गटारातून वाहणारं गुलाबी पाणी आणि पावलोपावली खानदेशी बोली. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, एका शेडला लागून आबांचं जुन्या टायरांचं आवार होतं. आबा सत्तरीचे, चाळीस वर्षांपूर्वी अमळनेरकडून आलेले. खानदेशातल्या मोडीत निघालेल्या गाड्यांचे टायर भंगारवाले त्यांच्याकडे आणतात.

"कोठला शेस रे भाऊ?" (कुठला आहेस) त्यांनी विचारलं. मी गाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

आवारात टायरांच्या माणसाहून उंच उतरंडी होत्या. भर दुपारी त्यांच्यामधल्या बोळात गारवा होता आणि तो गारवा बरा वाटत नव्हता. आबांची निवडायची रीत वेगळी. ते टायर उभा करत आणि आतल्या पोकळीला कान लावत. मलाही तसंच करायला लावलं. शेजारच्या लूमची खडखड प्रत्येक टायरमध्ये घुमत होती, माठात तोंड घालून बोलावं तशी. आवाज सगळीकडे सारखा घुमला तर टायर धड, आणि कुठे अडखळला तर आतून फुटलेला. प्रत्येक टायरच्या आत खडूनं लिहिलेलं होतं: कुठली गाडी, कुठला रस्ता.

कान लावत लावत मी बोळाच्या टोकाला गेलो. तिथे पत्र्याच्या आडोशाला चार टायर भिंतीकडे तोंड करून ठेवले होते. त्यातले दोन जवळजवळ कोरे, मला हवे तेच, ऑल टेरेन. मी वाकून कान लावला. आत काहीच नव्हतं. भिंतीपलीकडे शंभर लूम धडधडत होते आणि या टायरात चिडीचूप. हात लावला तर नक्षीतली माती ओली, तांबडी. सुरतेत अशी माती नाही. आमच्या घाटात आहे.

"ते नही," मागून आबा म्हणाले. "ते मयताना शेतस." (ते मेलेल्याचे आहेत)

ज्या गाडीत माणूस गेला तिचे टायर आबा दुसऱ्या गाडीला देत नाहीत. ते फक्त बैलगाडीला जातात. का, असं विचारल्यावर म्हणाले, "बैलले घाई नही राहस." (बैलाला घाई नसते)

"माती ओली कशी?"

"रोज पुसस मी. सकाय व्हयनी का परत ओला." (रोज पुसतो, सकाळ झाली की परत ओले)

त्यांनी टायर माझ्याकडे वळवला. आत खडूनं लिहिलं होतं, सातवं वळण, श्रावण. आणि बाहेर पांढऱ्या रंगात, वेड्यावाकड्या अक्षरात, 'सु'. सुदाम आपल्या प्रत्येक वस्तूवर 'सु' काढायचा, जेवणाच्या डब्यावरसुद्धा. मी त्या ओल्या टायरावरच हात टेकला.

तेवढ्यात लूम बंद पडले. वीज गेली असावी. इतका वेळ कानात भरलेला आवाज एकदम तुटला आणि आवारातले सगळे टायर मुके झाले. फक्त माझ्या हाताखालच्या टायरातून आवाज येत होता. बारीक, ओला, थांबून थांबून. चिखलात चाक नुसतंच गरगरतं, तेव्हा येतो तो. हा आवाज मी आयुष्यभर ऐकलाय, चुकणार नाही. हात काढावा असं वाटत होतं आणि काढता येत नव्हता. मग लूम पुन्हा सुरू झाले आणि तो थांबला.

"ऐकू उनं?" आबांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. त्यांना नवल वाटलं नाही. खांद्यावरच्या फडक्यानं ते टायर पुसू लागले आणि पुसता पुसता उरलेल्या दोन टायरांकडे बोट करून म्हणाले, "आगला दोन पाह्य."

ते पुढचे दोन पार टकले होते. नक्षीचा मागमूस नाही, हाताला पाटीसारखे गुळगुळीत.

"मांगला चाक ढकलतंस. वळावतंस ते आगला," आबा सावकाश म्हणाले (मागची चाकं ढकलतात, वळवतात ती पुढची). "चिखलमा मांगला नवा, आगला टकला. मांगून जोर, आन पुढे गाडी वळेच ना. त्या माणूसनी सगळा स्टेरिंग फिरावं व्हई. कोनी दिधी त्याले ही अक्कल?" (त्यानं सगळं स्टिअरिंग फिरवलं असेल. कुणी दिली त्याला ही अक्कल?)

मी दिली होती. सुदाम चार टायर घ्यायला निघाला होता. मी त्याला माझ्याच ओट्यावर बसवून सांगितलं, येडा का काय, मागे दोन टाक, पुढची वर्षभर चालतील. तो हसला होता आणि दोनच घेऊन आला होता. आमच्या घाटात सगळे असंच करतात, कारण मी सगळ्यांना असंच सांगत आलोय. वळण, दारू, काहीही नव्हतं. मला तिथे आबांसमोर रडू आलं. आबांनी मला स्टुलावर बसवून पाणी दिलं.

मग त्यांनी एकसारखे चार टायर कान लावून निवडले, चारही माझ्या गाडीला चढवले. मी परत फिरलो. व्यारापर्यंत रेडिओ लावायची हिंमत झाली नाही. बदललेले टायर डांबरावर घुंईं करत होते आणि त्या आवाजाखाली दुसरा काही आवाज आहे का, हेच मी ऐकत होतो. नवापूरला जेवायला थांबलो आणि ताट तसंच ठेवून उठलो.

दिवेलागणीला गावात पोचलो. घरी न जाता सुदामच्या दारात गाडी उभी केली. त्याची बायको रत्ना अंगणात तांदूळ निवडत होती. दहा महिने तिला लोकांनी काय काय ऐकवलं होतं, ते मला ठाऊक होतं. बायकोनं आवर घातला असता तर प्यायला नसता, इथपर्यंत. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, ओटा, दोन टायर, माझं बोलणं. ती ओरडेल, सूप फेकून मारेल, अशी माझी तयारी होती. तिचा हात तांदळात थांबला.

"तो पेयेल नव्हता, भाऊ," ती म्हणाली. "मी हाईच सांगी राह्यनू. कोनी ऐकं नही."

"हो."

"मंग आते तुम्हीन सांगा. माले नका सांगू. गावले सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर जाऊन सांगितलं. काहींनी ऐकलं. काहींनी, जाऊ द्या हो, झालं ते झालं, म्हणून माझीच समजूत काढली. दोघं-तिघं तर अजून वळणाचंच म्हणतात. मीही त्या आवाराबद्दल पुष्कळ विचार केला. तो आवाज टायरातला की माझ्या डोक्यातला, हे मला सांगता येणार नाही. पण प्रवासाहून आलेल्या माणसानं पाहिलं ते सांगावं, आणि पारावर सगळे येत नाहीत, वरच्या पाड्यांवरचे तर नाहीच. म्हणून इथे लिहून ठेवतो. सुदाम त्या दिवशी प्यायलेला नव्हता. त्याच्या गाडीची पुढची जोडी माझ्या सांगण्यावरून टकलीच राहिली होती.